तुमच्या गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

स्वतःचं पहिलं गाणं रेकॉर्ड करायला निघालेल्या गायक, गीतकार, संगीतकार मित्रमैत्रिणींनो,

कल्याणजवळ माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. दोन खोल्या, एक चांगला माइक, भिंतीला लावलेल्या गाद्या. मुरबाड, शहापूर, जुन्नर, अकोल्यापासून मुलंमुली येतात. कोणी कोळीगीत घेऊन येतं, कोणी रॅप, कोणी आजीच्या ओव्या. तुमच्या गळ्याबद्दल मला काही सांगायचं नाही, तो तुमच्याकडे आहेच. सांगायचं आहे ते कागदाबद्दल. कारण स्टुडिओतून बाहेर पडताना तुमच्या हातात पेन ड्राइव्ह असतो, पण कागद जवळजवळ कोणाच्याच हातात नसतो.

परवाचीच गोष्ट. चार जण आले होते. एकाने शब्द लिहिलेले, दुसऱ्याने चाल बांधलेली, तिसरा गाणार होता आणि चौथा, गाणाऱ्याचा चुलतभाऊ, पैसे घालणार होता. संबळ वाजवायला वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना जीपमध्ये घालून आणलं होतं. दिवसभराची शिफ्ट झाली. बाबांनी दुसऱ्या अंतऱ्याआधी असा एक तुकडा वाजवला की मी काचेच्या अलीकडे खुर्चीवरून उठलो. संध्याकाळी बॅगा भरताना मी विचारलं, "गाणं कोणाचं?" चौघेही एका सुरात म्हणाले, "आमचं." मी विचारलं, "कोणाचं किती?" मग कोणीच बोलेना. चुलतभाऊ चहाच्या कपाकडे बघत बसला.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी शेती आहे किंवा होती. म्हणून त्याच भाषेत सांगतो. एका गाण्याचे दोन सातबारे असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. त्यावर गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव असतं. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे स्टुडिओत तयार झालेल्या त्या एका फाइलचा, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. त्यावर नाव लागतं निर्मात्याचं. आणि कायद्याच्या व्याख्येत निर्माता म्हणजे ज्याने ते रेकॉर्डिंग घडवण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. माइक माझा आहे म्हणून तुमचं मास्टर माझं होत नाही. तुम्ही शिफ्टचे पैसे दिलेत, माझा हिशेब संपला. पण त्या चौघांत चुलतभाऊच निर्माता आहे, की त्याने फक्त उसने पैसे दिलेत, हे ठरलेलं नव्हतं. गाणं चाललं नाही तर कोणी विचारत नाही. चाललं की त्या दिवशी घरात भांडण लागतं, आणि बांधावरून भाऊ कसे तुटतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून पहिलं काम हे. रेकॉर्डिंगच्या आधी एक पान लिहा. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, त्यात कोणाचा किती टक्के वाटा, मास्टर कोणाच्या मालकीचं, त्याच्या कमाईत कोणाचा किती वाटा, वादकांना किती बिदागी दिली, आणि श्रेयनामावलीत कोणाचं नाव कसं लिहायचं. खाली सगळ्यांच्या सह्या. प्रत्येकाने त्या पानाचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवायचा. शब्द आणि चाल यांचा वाटा निम्मा-निम्मा ठेवण्याची रीत आहे, तुम्ही वेगळं ठरवू शकता, पण ठरवा. संबळवाल्या बाबांचं नावही त्या पानावर लिहा. त्यांचा तो तुकडा गाण्याची ओळख होणार आहे.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. कॅसेटची शेवटची आणि व्हीसीडीची पहिली वर्षं होती. माझा एक मित्र रिक्षा चालवायचा आणि हळदीची गाणी लिहायचा. मी चाली लावायचो. एका कंपनीच्या माणसाने आमची आठ गाणी एकरकमी विकत घेतली, हातात चार हजार रुपये ठेवले आणि चहाच्या टपरीवर एका छापील कागदावर सह्या घेतल्या. आम्ही तो वाचला नाही. प्रत मागायचं सुचलंही नाही. त्यातलं एक गाणं पुढे ठाणे-रायगडातल्या हळदीत वाजायला लागलं, आजही वाजतं. मित्र गेला त्याला काही वर्षं झाली. त्याच्या मुलीच्या हळदीला डीजेने तेच गाणं लावलं. ती नाचत होती, आणि मांडवातल्या कोणालाच माहीत नव्हतं की हे शब्द तिच्या बापाचे आहेत. मोबाईलवर ते गाणं काढून बघितलं तर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहिलेलं होतं. त्या कागदावर नेमकं काय होतं हे मला आजही सांगता येत नाही, कारण प्रत नाही. वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला आणि बोलणं तिथेच थांबलं.

माझं हे दुःख जुनं आहे. तुमच्या हातात आज जो कायदा आहे, तो तेव्हा आमच्याकडे नव्हता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली आणि 21 जून 2012 पासून ती लागू झाली. तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की गीतकार आणि संगीतकार यांनी आपला हक्क कंपनीला लिहून दिला, तरी रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरलं गेलं की मिळणाऱ्या मोबदल्यातला, बरोबरीचा वाटा मिळण्याचा अधिकार त्यांना सोडता येत नाही. लिहून दिला तरी सुटत नाही. 'मी यापुढे कोणतीही रॉयल्टी मागणार नाही' असं वाक्य कोणी करारात घातलं, तर तेवढ्या बाबतीत ते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. सिनेमाचं गाणं असेल तर चित्रपटगृहात सिनेमासोबत वाजण्याचा तेवढा अपवाद.

त्याच कायद्यातल्या आणखी काही गोष्टी पाठ करून ठेवा. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं, तोंडी 'दिलं' म्हणून जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल, तर फक्त भारत धरतात. कंपनीने घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर तो तुमच्याकडे परत येतो. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर तिथे वापरण्याचा हक्कही कंपनीकडे जात नाही.

हे सगळं कंपन्यांच्या वकिलांनाही माहीत असतं. म्हणूनच छापील करारात ते ओळ टाकतात: 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण विश्वात, आज ज्ञात असलेल्या व भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत.' ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. संपूर्ण मुदत म्हणजे किती? रचनेच्या बाबतीत तुमची हयात आणि तुमच्यानंतर 60 वर्षं. तुमच्या नातवंडांचा हक्क तुम्ही त्या सहीने देऊन टाकता. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीपासून 60 वर्षं.

जमीन विकणं आणि जमीन खंडाने देणं यातला फरक तुम्हाला कळतो. करारातही तसेच दोन शब्द येतात. असाइनमेंट म्हणजे खरेदीखत. लायसन्स म्हणजे खंडाने देणं, ठरल्या मुदतीसाठी, ठरल्या कामासाठी. तुमच्याकडे एकच गाणं असेल आणि मोठी कंपनी दारात आली असेल, तर काय द्यायचं हा निर्णय तुमचा. पैशाची नड असते, मी समजतो. पण खरेदीखत करताय की खंडाने देताय, हे माहीत असताना सही करा. आणि शक्य असेल तिथे पाच वर्षांच्या लायसन्सचा आग्रह धरा. मी पाहिलंय, मागितलं तर कधीकधी मिळतं. आपल्याकडे मागायलाच लाज वाटते. ती लाज सोडा.

ज्यांनी फक्त गायलंय, शब्द-चाल दुसऱ्याची आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. गाणाऱ्याला आपल्याकडे फार काळ हक्कच नव्हता. 1949 मध्ये 'महल' सिनेमाची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी लता मंगेशकर होती. त्याच लताबाई पुढे साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून उभ्या राहिल्या, त्यावरून रफीसाहेबांशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. कायद्यात कलाकाराचा हक्क आला तो 1994 च्या दुरुस्तीने, आणि 2012 मध्ये तो आणखी भक्कम झाला. आज तुमचं गायन व्यावसायिक वापरात आलं, तर त्यात रॉयल्टीचा हक्क आहे, आणि तुमचं नाव लागण्याचाही. गायकांची ही रॉयल्टी गोळा करण्यासाठी 2013 साली इस्रा, म्हणजे इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन, ही संस्था नोंदली गेली, तिचंच पुढचं नाव इसाम्रा. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. 1969 पासूनची संस्था आहे, मुंबईत आहे.

आयपीआरएसबद्दल मुलांचा एक समज मला फार वेळा दूर करावा लागतो. सदस्य झालात म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत. प्रत्येक गाणं त्यांच्याकडे तुमच्या नावावर नोंदवावं लागतं, वाट्यांसकट. वर सांगितलेलं पान इथेच उपयोगी पडतं. दोन सहलेखकांनी वेगवेगळे टक्के भरले की गाणं वादात अडकतं आणि पैसे अडून राहतात. मंचावर स्वतःची गाणी गाता, त्या कार्यक्रमात कोणती गाणी झाली त्याची यादीही देत जा. जत्रेत, गणेशोत्सवात, हॉटेलात तुमचं गाणं वाजतं, तिथल्या परवान्याचा पैसा कोणाला द्यायचा, हे त्यांना नोंदीवरूनच कळतं.

कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही. रचना कागदावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये उतरली की हक्क जन्माला आलेला असतो. नोंदणीमुळे कोर्टात पुरावा हाताशी राहतो. शब्द किंवा चाल नोंदवायला 500 रुपये शुल्क आहे, ध्वनिमुद्रणाला 2000. ज्या गाण्यावर तुमचा जीव आहे, त्याची करा. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचं, हा सल्ला अजून फिरतो, त्याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा चाल सुचली तेव्हाचा व्हॉइस मेसेज, वहीचं तारीख घातलेलं पान, स्टुडिओची प्रोजेक्ट फाइल, हे सगळं दोन ठिकाणी जपा. स्टुडिओवाल्याकडून वेगवेगळे ट्रॅकही मागून घ्या, ज्याला आम्ही स्टेम्स म्हणतो. नुसती एमपीथ्री घेऊन जाऊ नका, वेव्ह फाइल घ्या.

आता दुसऱ्याच्या वस्तूबद्दल. दर आठवड्याला कोणीतरी येतं आणि म्हणतं, "सर, अभंग आहे, तुकोबांचा, त्याला कसला कॉपीराइट?" तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, खरं आहे. पण तुम्ही जी चाल गुणगुणताय ती संगीतकार श्रीनिवास खळ्यांची आहे. खळेकाका 2011 मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क 2071 अखेरपर्यंत आहे. गीतरामायणाचं एखादं गीत गायचंय? गदिमा 1977 मध्ये गेले, शब्द 2037 अखेरपर्यंत राखीव. चाल लावणारे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, 2002 मध्ये गेले, चाल 2062 अखेरपर्यंत. जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करायची वाट कायद्यात आहे, पण मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं उलटून गेलेली असावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. उलट बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या, त्यांचं पुस्तक 1952 मध्ये आलं. आता त्यांचे शब्द मोकळे आहेत. तुम्ही स्वतःची चाल लावून बहिणाबाई गाऊ शकता, आणि ती चाल तुमची असेल. मला वाटतं, या वाटेने फारच थोडी मुलं जातात. आपल्या भाषेत एवढं मोठं कोठार उघडं पडलंय आणि तुम्ही यूट्यूबवरचा फुकटचा बीट, म्हणजे आयतं वाद्यसंगीत, शोधत बसता.

त्या बीटचंही ऐकून घ्या. 'फ्री' लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा ते फक्त कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असतं. विकत घेतलात तरी साधं लायसन्स घेतलं असेल, तर तोच बीट आणखी कितीतरी जणांनी घेतलेला असतो. मग त्यातला एक जण आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे सारखा आवाज आपोआप ओळखणाऱ्या व्यवस्थेत, टाकतो आणि तुमच्या व्हिडिओवर दावा लागतो. एका मुलाचं असंच झालं, आणि तो बिचारा माझ्याकडे येऊन सांगत होता की कोणीतरी माझं गाणं चोरलं. चोरी कोणीच केली नव्हती. लायसन्स वाचलं नव्हतं. त्यात कंटेंट आयडी वापरायला मनाई आहे का, किती स्ट्रीमपर्यंत, म्हणजे ॲपवर किती वेळा ऐकलं जाईपर्यंत, परवानगी आहे, एवढ्या दोन ओळी तरी शोधा. त्यापेक्षा गावातला ढोलकीवाला बोलवा, बिदागी द्या, पानावर सही घ्या. आवाज तुमचा वेगळा लागेल आणि दावाही लागणार नाही.

गाणं सगळ्या ॲपवर चढवायला आता कंपनीची गरज नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी यांसारखे वितरक ते काम करतात. काहींची वर्षाची वर्गणी असते, काही एकदाच पैसे घेऊन कमाईत कमिशन कापतात. वर्गणीवाल्यांकडे वर्गणी थांबली की गाणं उतरू शकतं, ते आधी विचारा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा 12 अक्षर-अंकांचा कोड मिळतो. तो लिहून ठेवा, वितरक बदललात तर तोच कोड पुढे न्यायचा असतो, नाहीतर आधीचे सगळे आकडे मागे राहतात. आणि कलाकाराचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा. जाधव, पाटील, शिंदे आडनावाच्या किती मुलांची गाणी भलत्याच कोणाच्या पानावर चढलेली मी पाहिली आहेत. तारीख जवळची ठेवू नका. स्पॉटिफायच्या संपादकांकडे त्यांच्या प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. तीन-चार आठवडे हातात ठेवा.

पैशाचं खरं सांगतो. स्पॉटिफायवर 2024 पासून एखाद्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नाहीत, तर त्याची रॉयल्टी मोजलीच जात नाही. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा हवा तर 1000 सबस्क्राइबर लागतातच, आणि त्यासोबत वर्षात 4000 तास बघितलं जाणं किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या व्हिडिओंचे, एक कोटी व्ह्यूज. यूट्यूबवर कराचा फॉर्म भरायला विसरू नका, नाहीतर अमेरिकेचा कर तुमच्या सगळ्या कमाईतून कापला जाऊ शकतो. या आकड्यांवर घर चालेल असं धरून कर्ज काढू नका. 'एका दिवसात लाख व्ह्यूज करून देतो' म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. खोटे स्ट्रीम पकडले की स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं, आणि वितरक तुमचं गाणं उतरवतो. ड्रोन आणि भाड्याची गाडी घेऊन केलेल्या व्हिडिओवर साठवलेले पैसे उडवून, आवाज मात्र तासाभरात उरकणारी मुलं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

घर चालतं ते कार्यक्रमांवर. तमाशा आणि ऑर्केस्ट्रावाल्यांकडून हे शिका. ते सुपारी घेताना बयाणा घेतल्याशिवाय तारीख धरत नाहीत. बयाणा किती, उरलेले पैसे मंचावर चढायच्या आधी की नंतर, गाडीभाडं आणि जेवण कोणाचं, पाऊस आला तर काय, रात्री किती वाजेपर्यंत, साउंड कोणाचा. एवढं व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. आयोजक ओळखीचा असला, नातेवाईक असला तरी. नातेवाईक असेल तर जास्तच.

त्या चौघांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या रात्री मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांना पान लिहायला बसवलं. दोन तास लागले. चुलतभावाने शेवटी स्वतःच सांगितलं की मला मालकी नको, माझे पैसे आधी फिटू द्या आणि मग पाचवा हिस्सा द्या. मास्टर तिघांच्या नावावर लागलं. बाबांना विचारलं, तुमचं नाव कसं लिहायचं? आजवर त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, गावासकट, आणि मुलाने ते तसंच लिहिलं. सही येत नव्हती, म्हणून मी शाईचा पॅड शोधून आणला.

त्या पानाचा कोरा नमुना माझ्या स्टुडिओत दाराजवळच ठेवलेला असतो. रेकॉर्डिंग माझ्याकडे करा अगर करू नका, पान घेऊन जा.

तुमचा,
कल्याणचा एक ध्वनिमुद्रक